शिकाऊ सिस्टरच्या हातात काय असते?



या व्यासपीठावर आजवर संतवाङ्मय झाले, अर्थकारण झाले, पाणीप्रश्न झाला. शिकाऊ नर्सवर कुणी बोलल्याचे निदान माझ्या ऐकिवात नाही. दवाखान्यात आपण सगळेच जातो. एक घाबरलेली मुलगी थर्मामीटर घेऊन खाटेजवळ येते, आपण विचारतो, 'नवीन आहेस का गं?' आणि लगेच म्हणतो, 'मोठ्या सिस्टरना बोलाव.' त्या मुलीला स्वतःबद्दल काय वाटत असते आणि ते तसे का वाटते, हा आजचा विषय. मी मानसशास्त्राची शिक्षिका. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवतात, त्या निमित्ताने माझा या मुलींशी संबंध आला आणि टिकला. मी 'मुली' म्हणत राहीन. आता मुलगेही या शिक्षणाला येतात, त्यांनी स्वतःला यात धरावे.

निकालाच्या दिवशी कॉलेजच्या जिन्यात जी बोलणी होतात ती ऐकण्यासारखी असतात. 'पेपरच वाकडा काढला.' 'एक्स्टर्नल खडूस होत्या.' 'माझं नशीबच फुटकं, मला नेमकी तीच प्रोसिजर आली.' आणि एखादीच म्हणते, 'ड्रॉप रेटची गणितं मी सोडवूनच बघितली नव्हती.' चौघीही नापासच झालेल्या. पण पुरवणी परीक्षेपर्यंत पहिल्या तिघींना करण्यासारखे काही उरत नाही, चौथीला उरते.

हा फरक मोजायची पट्टी १९६६ मध्ये ज्युलियन रॉटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केली. विधानांच्या २९ जोड्या, प्रत्येक जोडीतले एक विधान निवडायचे. गुण धरायचे ते २३ जोड्यांचे. उरलेल्या ६ नुसत्या भरतीच्या, उत्तर देणाऱ्याला रोख कळू नये म्हणून. गुण धरायच्या जोड्यांत परीक्षेबद्दलही एक आहे, आणि ती वाचताना मला आमचा जिना आठवतो. आपल्या आयुष्यात जे घडते त्याची सूत्रे आपल्याकडे आहेत असे मानणाऱ्याचे नियंत्रणकेंद्र आत. ती सूत्रे नशिबाकडे, परिस्थितीकडे किंवा दुसऱ्यांकडे आहेत असे मानणाऱ्याचे बाहेर. बहुतेक माणसे अधेमधे कुठेतरी असतात, आणि तीच व्यक्ती घरात एक आणि परीक्षागृहात दुसरी असू शकते.

आत्मविश्वासाची गोष्ट वेगळी. आल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये तिची जी मांडणी केली ती आजही प्रमाण मानतात. 'मी हुशार आहे' असल्या सर्वसाधारण भावनेत त्यांना रस नव्हता. 'हे काम, इथे, मला जमेल का' एवढाच त्यांचा प्रश्न. सापाला घाबरणाऱ्या माणसांवर त्यांनी प्रयोग केले आणि असा विश्वास चार ठिकाणांहून येतो असे दाखवले: स्वतः करून जमले, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहिले, विश्वासातल्या माणसाने 'जमेल' म्हटले, आणि आपल्या शरीराने काय सांगितले. हात थरथरतोय का, घशाला कोरड पडली आहे का. यांत सर्वांत बळकट पहिले. तोंडी दिलेला धीर त्यामानाने बराच दुबळा. आमच्या कॉलेजांचा सगळा भर मात्र नेमका त्याच्यावर असतो. व्यक्तिमत्त्व विकासाचे शिबिर होते, पाहुणे येतात, 'स्वतःवर विश्वास ठेवा' असे सांगतात आणि शाल-श्रीफळ घेऊन जातात. (शाल आज मलाही मिळाली आहे, हे माझ्या लक्षात आहे.)

आता या दोहोंचा संबंध. नियंत्रणकेंद्र आत असलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यासातला आत्मविश्वास सहसा जास्त असतो, हे ठिकठिकाणच्या विद्यार्थ्यांमध्ये आढळले आहे आणि नर्सिंगच्या मुलीही त्याला अपवाद नाहीत. इथवर कुणाचे भांडण नाही. भांडण पुढे आहे. असे बहुतेक अभ्यास वर्गात एकदा प्रश्नावली भरून घेऊन केलेले असतात. त्यातून दोन गोष्टी जोडीने चालतात एवढे कळते, कोण कोणाच्या मागे चालते ते कळत नाही. दोनदा नापास झालेली मुलगी नशिबाला दोष देऊ लागली, तर आधी काय घडले? टिमथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये आणखी टोकदार शंका काढली: आत्मसन्मान, चिंताळूपणा, नियंत्रणकेंद्र आणि सर्वसाधारण स्व-क्षमता, म्हणजे एकूणच 'मला जमेल' हा विश्वास, या चार मोजपट्ट्या मुळात एकाच गोष्टीची चार मापे तर नव्हेत? तसे असेल तर त्यांचा परस्परसंबंध सापडला यात नवल ते काय!

म्हणून नुसत्या आकड्यांवरून 'मुलींचे नियंत्रणकेंद्र आत आणा म्हणजे आत्मविश्वास वाढेल' असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. त्यात एक गृहीत लपलेले आहे: दोष मुलीच्या समजुतीत आहे. माझे म्हणणे असे की बऱ्याचदा तिची समजूत बरोबर असते. दुरुस्ती तिच्या डोक्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, वॉर्डात आणि परीक्षेत हवी.

पण आधी डोक्यातल्या गोष्टीला न्याय देऊ.

जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण लागतात. जिंतूरकडची किंवा अक्कलकुव्याकडची, मराठी माध्यमातून कला शाखेची बारावी केलेली मुलगी येते. घरात पहिलीच शिकणारी. जूनपर्यंत तिने मराठीत इतिहास वाचलेला, आणि आता समोर इंग्रजीत मानेचा स्नायू: स्टर्नोक्लायडोमास्टॉइड. पहिल्या युनिट टेस्टला पन्नासपैकी चौदा. ती कोणालाच दोष देत नाही, पेपरला नाही की मॅडमना नाही. ती म्हणते, 'मला डोकंच नाही.' रॉटरच्या हिशेबाने हे कारण आतले आहे! आणि तरी याहून हताश वाक्य नाही.

ही गाठ बर्नार्ड वायनर यांनी सोडवली. कारण आतले की बाहेरचे एवढे विचारून भागत नाही, ते बदलणारे आहे का आणि ते माझ्या ताब्यात आहे का, हेही विचारावे लागते. डोके कमी असणे आतले खरे, पण न बदलणारे. अभ्यासाची पद्धत चुकणे हेही आतलेच, पण बदलता येणारे. म्हणजे आपल्याला हवे आहे ते निव्वळ 'आतले' कारण नाहीच, ताब्यातले कारण हवे आहे. मुलीने 'मला डोकं नाही'कडून 'मला इंग्रजी शब्द तोडून वाचायची सवय नाही'कडे यावे. स्टर्नो म्हणजे छातीचे हाड, क्लायडो म्हणजे गळपट्टीचे, मास्टॉइड म्हणजे कानामागचा उंचवटा. स्नायू कुठून निघतो आणि कुठे जातो ते नावातच लिहिलेले. हे ज्या ट्यूटर मॅडम पहिल्या आठवड्यात सांगतात, त्यांच्या वर्गात 'डोकंच नाही' म्हणणाऱ्या कमी भेटतात.

कारण बदलले की खरोखर फरक पडतो का? ड्यूक विद्यापीठात १९८२ मध्ये टिमथी विल्सन आणि पॅट्रिशिया लिनव्हिल यांनी गुणांच्या काळजीत असलेले पहिल्या वर्षाचे ४० विद्यार्थी घेतले. निम्म्यांना माहिती दिली आणि वरच्या वर्गातल्यांच्या मुलाखती दाखवल्या: सुरुवातीला गुण कमी पडतात, पुढे वाढतात. बस्स. दुसरे वर्ष संपेतो या गटातले ५ टक्के शिक्षण सोडून गेले, दुसऱ्या गटातले २५ टक्के. ऐकायला भारी वाटते. पण वीसांत एक आणि वीसांत पाच, एवढाच हा हिशेब आहे. आणि ती मुले अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठातली होती, शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला म्हणून मेस बंद पडलेली नव्हती. तरीही मला हा प्रयोग आवडतो, कारण त्यात कुणी कुणाला आत्मविश्वास बाळगायला सांगितलेले नाही. नापास होण्याचे एक खरे आणि बदलणारे कारण पुढ्यात ठेवले, इतकेच.

आता वॉर्डात जाऊ. नर्सिंगचा अभ्यास निम्मा तिथेच होतो, आणि कॉमर्स-आर्ट्सच्या विद्यार्थ्यांवरचे निष्कर्ष इथे सरळ उचलून लावता येत नाहीत. बीकॉमचा मुलगा चुकला तर त्याचे गुण जातात. इथे चुकीची किंमत खाटेवरचा माणूस मोजतो.

सलाइनचे साधे उदाहरण घेते. ५०० मिलिलिटरची बाटली, ८ तासांत द्यायची, सेट २० थेंबांचा, म्हणजे एका मिलिलिटरला २० थेंब. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. ८ तासांची मिनिटे ४८०. भागाकार २०.८, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. वर्गात हे गणित सुटते. एका वॉर्डात मुलगी बाटलीपाशी उभी राहते, नळीवरच्या रोलरला हात लावते, तोच मागून आवाज येतो, 'सरक बाजूला, राऊंड यायचाय, मी करते.' दोन सेकंदांत काम झालेले. मुलगी जे शिकली ते थेंबांबद्दल नव्हते. दुसऱ्या वॉर्डात इन्चार्ज सिस्टर म्हणतात, 'तू सोड, मी घड्याळ बघते.' चेंबरमध्ये थेंब पडतात, मुलगी ओठातल्या ओठात मोजते, अर्ध्या मिनिटात चौदा. 'जास्त होतायत, सिस्टर.' रोलर किंचित आवळते. पुन्हा मोजते. नऊ. पुन्हा सैल. दहा, मग अकरा. यात तीन मिनिटे गेली आणि कुणीही तिला शाबासकी दिली नाही. पण हात हलवला की थेंब बदलतो, हे तिने डोळ्यांनी पाहिले. नियंत्रण आणि आत्मविश्वास यांचा संबंध मला विचाराल तर तो या तीन मिनिटांत आहे. रोलरवर ताबा आला आणि 'मला जमते' हे त्याच्याबरोबरच आले. बँड्युरांचा पहिला स्रोत तो हाच.

पहिल्या वॉर्डातल्या सिस्टर वाईट होत्या का? मुळीच नाही. त्यांच्याकडे माणसे कमी आणि खाटा जास्त, हे दुखणे जुने आहे. आरोग्यसेवांच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये हिशेब मांडला तेव्हा या देशात ४३,००० लोकांमागे एक नर्स होती. अशा ठिकाणी शिकाऊ मुलगी आधी दोन हात असते, मग विद्यार्थिनी. लॉगबुकात मात्र दोन्ही वॉर्डांची नोंद सारखीच होते: प्रोसिजरचे नाव, तारीख, सही. आणि त्या सहीसाठी ड्युटी संपल्यावर तासभर ताटकळणाऱ्या मुलीला तुम्ही विचारा, तुझे नियंत्रणकेंद्र कुठे आहे.

हे फक्त आपल्याकडचे असेही नाही. इझाबेल मेन्झीस यांनी लंडनच्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयाचा अभ्यास १९६० च्या सुमारास प्रसिद्ध केला. तिथे सातशेच्या आसपास नर्स होत्या, त्यांतल्या पूर्ण प्रशिक्षित दीडशेच, बाकी विद्यार्थिनी. मृत्यू, वेदना, उघडी शरीरे यांच्या सान्निध्यातली भीती सोसता यावी म्हणून रुग्णालयाने नकळत एक रचनाच उभी केली आहे, असे त्यांनी दाखवले. काम लहान लहान तुकड्यांत वाटायचे, म्हणजे एका रुग्णाशी फार जवळीक नको. माणसाचे नाव टाळून खाटेचा नंबर आणि आजार घ्यायचा. निर्णय टाळायचे, प्रत्येक गोष्ट दोघांतिघांनी तपासायची, आणि जबाबदारी खालून वर ढकलत न्यायची. मुलींना ज्या कामाची कुवत होती त्यापेक्षा खालचे काम मिळत राहिले. जवळपास एक-तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण पुरे न करता जात, आणि त्यांत चांगल्या मुलीही असत. मेन्झीस मनोविश्लेषणाच्या परंपरेतल्या, त्यांचे सगळेच स्पष्टीकरण मला पटत नाही. पण निर्णय करू दिले नाहीत की निर्णय करण्याची ताकद वाढत नाही, हे त्यांचे निरीक्षण खोडून काढलेले मी तरी वाचलेले नाही.

हॅना लेव्हन्सन यांनी १९७३ मध्ये रॉटरच्या 'बाहेर'चे दोन तुकडे केले ते इथे कामाला येतात. एक नशीब, दुसरे सत्तावान माणसे. नशीब मानणारी मुलगी आणि 'सगळं मॅट्रनच्या हातात आहे' म्हणणारी मुलगी यांना एका गटात टाकणे चूक. पहिलीची श्रद्धा आहे. दुसरी बऱ्याचदा वस्तुस्थिती सांगत असते. पोस्टिंग कोणत्या वॉर्डात, रात्रपाळी किती, हॉस्टेलचे फाटक कधी बंद, इंटर्नल गुण किती: यांतले तिच्या हातात काय आहे? तिला 'तुझा दृष्टिकोन बदल' असे सांगणे म्हणजे तिच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवणे.

मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांचे १९६७ चे कुत्र्यांवरचे प्रयोग आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. टाळता न येणारे विजेचे धक्के बसलेली कुत्री पुढे सुटका शक्य असतानाही पडून राहत, म्हणून 'शिकलेली असहायता'. पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूवरच्या पुढच्या संशोधनाच्या आधारे आपले म्हणणे उलटे केले. दीर्घ त्रासापुढे गळून जाणे ही सजीवाची मुळातली प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे. पाठ्यपुस्तकांत ही दुरुस्ती अजून पुरती उतरलेली नाही. वर्गाच्या दृष्टीने तिचा अर्थ मोठा आहे: गप्प बसलेल्या मुलीला कुणी बिघडवले हे शोधण्यापेक्षा, तिच्या करण्याने फरक पडल्याचा अनुभव तिला कधी मिळाला का, हे विचारावे.

एक धोका सांगायला हवा. नियंत्रण आत, आत्मविश्वास भरपूर, हे परिचारिकेच्या बाबतीत नेहमीच चांगले नाही. पोटॅशियम क्लोराइडचे इंजेक्शन पातळ न करता शिरेतून सोडले तर हृदय बंद पडू शकते. तिथे 'मला जमतं' म्हणणाऱ्या हातापेक्षा 'सिस्टर, एकदा बघता का?' म्हणणारे तोंड मला हवे आहे. आत्मविश्वास कामाच्या मापाचा असावा, आणि माप कळायला कुणीतरी वेळच्या वेळी नेमके सांगावे लागते. दुसरी बाजू मृत्यूची. सगळे काही आपल्या करण्यावर आहे असे मानणारी मुलगी पहिला रुग्ण गेला की स्वतःला पोखरत बसते. काय आपल्या हातात नव्हते हेही तिला शिकवावे लागते. ते पुस्तकात नाही, अनुभवी सिस्टरच्या बोलण्यात असते, चहाच्या वेळी.

आणि हा प्रश्न मुलीपुरता राहत नाही. एलन लँगर आणि जुडिथ रॉडिन यांनी १९७६ मध्ये कनेटिकटमधल्या एका वृद्धनिवासात काही रहिवाशांना छोटे निर्णय स्वतः करू दिले आणि सांभाळायला एकेक रोप दिले. ज्यांच्यासाठी सगळे कर्मचारीच करत होते त्यांच्यापेक्षा ही माणसे अधिक हिंडती-फिरती आणि आनंदी दिसली. रुग्णाला असा वाव द्यायचा तो परिचारिकेने. जिला स्वतःला कधी वाव मिळाला नाही ती तो कसा देणार, मला माहीत नाही.

परीक्षेबद्दल थोडक्यात. एक्स्टर्नलच्या स्वभावावर गुण ठरतात ही जिन्यातली तक्रार सगळीच खोटी नाही. त्यावर उपाय जुना आहे. रोनल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये अशी प्रात्यक्षिक परीक्षा मांडली की विद्यार्थी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो, प्रत्येक ठिकाणी एक ठरावीक काम, आणि परीक्षकाच्या हातात आधी ठरलेली तपासयादी. हात धुतले का, रुग्णाला नाव विचारले का, सुई टोचण्याआधी हवा काढली का. ओएस्सीई म्हणून ही पद्धत आता आपल्या नर्सिंग शिक्षणातही आली आहे. तिच्यातही उणिवा आहेत. माणसाशी बोलण्याची ऊब यादीत बसत नाही. पण ती यादी वर्षाच्या सुरुवातीलाच मुलींच्या हातात दिली, तर 'नेमकी तीच प्रोसिजर आली' हे वाक्य निम्मे तरी मरेल. खर्च काय, तर झेरॉक्सचा.

बँड्युरांनी पुढे, १९८२ मध्ये, एक गोष्ट सांगितली जी आपल्या धोरणकर्त्यांनी ऐकावी. स्वतःवर विश्वास नाही आणि परिस्थितीही दाद देत नाही, तिथे माणूस सुस्त होतो. पण ज्याला स्वतःच्या कुवतीची खात्री आहे आणि परिस्थिती मात्र दाद देत नाही, तो तक्रार करतो, झगडतो किंवा ती जागा सोडतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. आमच्या मुली जर्मन शिकू लागल्या. ज्यांना इंग्रजी शरीररचना जड गेली होती त्याच मुली नामांची तीन लिंगे पाठ करतात, कारण तिथे किती शब्द केले की कोणती पायरी पार होते हे त्यांना आधीच सांगितलेले असते. त्या जातात याचे मला वाईट वाटत नाही. त्यांच्या जिद्दीला इथे अशा पायऱ्या का दिसल्या नाहीत, याचे वाटते.

पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानड्यांच्या काळात बायकांना नर्सिंग शिकायला ससूनमध्ये धाडले, तेव्हा विरोध घरातून होता. आज घरे मुलींना हौसेने पाठवतात. अडते ते आत आल्यावर. आणि ते अडणे दूर करणे घरच्यांच्या हातात नाही, आमच्या आहे: शिक्षकांच्या, इन्चार्ज सिस्टरांच्या, विद्यापीठाच्या. पहिल्या सत्रात तपासयादी द्या. सहीचा दिवस आणि वेळ ठरवून टाका. उत्तरपत्रिका परत देताना 'अभ्यास कमी' असे लिहू नका, काय आले नाही ते लिहा. आणि दर पोस्टिंगमध्ये प्रत्येक मुलीला एक तरी काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्या हाताने करू द्या, शेजारी उभे राहून.

माझे बोलणे एवढेच. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला आहे. मागच्या तीन रांगांत गणवेशातल्या मुली बसल्या आहेत. प्राचार्यांची परवानगी असो वा नसो, पहिले प्रश्न त्यांचे घेऊ.